वजनकाट्याशेजारी फीतही ठेवा

मा. संपादक,

वृत्तपत्रांच्या आरोग्य पानावर वजन-उंचीचा तक्ता अधूनमधून छापून येतो. त्यात पोटाच्या घेराचाही रकाना असावा, या विनंतीसाठी हे पत्र.

पुण्यात मी ३१ वर्षं शिलाईकाम करतो. माझ्या मापवहीत एकेका गिऱ्हाइकाची पंधरा-पंधरा वर्षांची मापं आहेत. खांदा तोच, दंड उलट अर्धा इंच उतरलेला आणि पोट चार इंच पुढे. पँटचा नंबर मात्र तोच राहतो, कारण पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. ‘कॉलेजपासून चौतीसच घालतो,’ असं कुणी म्हणालं की मी फीत बेंबीवरून फिरवतो. अडतीस भरतं.

माझा धाकटा भाऊ त्यातलाच. उंची साडेपाच फूट, वजन ६४ किलो. सगळे त्याला काटक म्हणायचे. एका आरोग्य शिबिरात वजन-उंची बघून ‘उत्तम’ लिहून दिलं, फीत कुणी काढलीच नाही. वर्षभराने पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं. साखर तीनशेच्या वर.

मग मी डॉक्टरांना विचारत, वाचत गेलो. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं गाठोडं, असं मला वाटायचं. पण तिच्या पेशी फार फुगल्या की प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात, आणि संरक्षक पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात. जखमेला सूज आणणारी द्रव्यं तिथून झिरपत राहतात. जखमेची सूज चार दिवसांत उतरते; हा दाह वर्षानुवर्षं धुमसतो आणि ठणकत नाही म्हणून कळत नाही. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत असं एक द्रव्य, टीएनएफ, सापडलं. ते अडवल्यावर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन जास्त लागू पडू लागलं. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त तर थेट यकृतात जातं, म्हणजे ही द्रव्यंही आधी तिथेच पोचतात.

माणसांत हे इतकं सरळ नाही. २०१७ मध्ये, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवरच्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं औषध दिलं गेलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले. मधुमेह मात्र त्याने टळला नाही. म्हणजे औषधाची वाट बघत बसण्यापेक्षा घेर उतरवणं हेच आपल्या हातातलं.

आणि हे आपल्या पुण्याला कुणी नव्याने सांगायला नको. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वीस वर्षं उलटली, तरी शिबिरांत अजून काटाच पुढे येतो.

आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. एवढ्या चार ओळी तक्त्याखाली छापाव्यात, आणि शिबिरवाल्यांनी टेबलावर एक फीत ठेवावी.

माझ्या मापवहीत आता ‘पोट’ हा वेगळा रकाना आहे, सेंटिमीटरमध्ये. ९० च्या वर गेलं की गिऱ्हाइकाला तिथेच सांगतो. भावाचा घेर ९४ वरून ८९ वर आलाय. गेल्या महिन्यात त्याच्या दोन पँटी मी कमरेत आत घेतल्या.

– एक शिलाई व्यावसायिक, पुणे