ताईला फोन कर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. पोचल्याचा निरोप बाबांना आला, मला नाही. फोनवर मला रडू येईल, तू गप्प होशील आणि सांगायचं ते राहूनच जाईल, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या श्रद्धेबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवलं आहे. तू हा नवा मार्ग धरलास तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दोन वर्षांनंतर तुला रात्रीची झोप लागू लागली, तेही मीच पाहिलं. तुमच्या मंडळींचे माझ्यावर उपकारच आहेत. माझ्या मनातून जात नाही ती फक्त ती संध्याकाळ. ताईला तू म्हणालास, "तुमची श्रद्धा कमी पडली, नाहीतर बाळ वाचलं असतं."

रागाच्या भरात म्हणाला असतास तर मी समजून घेतलं असतं. राग उतरतो. तू शांतपणे, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास. आपण तिला आधार देतो आहोत असंच तुला वाटत होतं. तिच्या मांडीवर दुपट्याची घडी होती. तिने ती उलगडली, काठाला काठ जुळवून पुन्हा घातली आणि परत उलगडली. तुझं तिकडे लक्ष नव्हतं.

एवढं खात्रीने कसं सांगतोस, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "लोक उगाच जीव देत नाहीत आई. ज्यांनी यासाठी मरण पत्करलं ते काय खोटे होते?" त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण पोटच्या पोराशी बोलताना सगळं विसरायला होतं. आता सुचलं आहे ते लिहिते.

मायकेल सर्व्हेटस नावाचा एक स्पॅनिश वैद्य होता. रक्त फुप्फुसांतून फिरून येतं हे युरोपात पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी तो एक. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण त्याला मान्य नव्हती. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. सांगतात की ज्वाळांतूनही तो "सनातन देवाच्या पुत्रा, दया कर" असं म्हणत राहिला. "देवाच्या सनातन पुत्रा" म्हणाला असता, तर पुत्रही सनातन असं कबूल केल्यासारखं होऊन त्याच्याविरुद्ध उभे असलेल्यांचं समाधान झालं असतं. एक विशेषण इकडचं तिकडे करायचं होतं. त्याने केलं नाही. त्याची खात्री होती. आणि बाळा, जाळणाऱ्यांचीही होती. त्यांच्या धर्मगुरूंपैकी कित्येक जण तर स्वतः छळाला कंटाळून घरदार सोडून तिथे आलेले. तिथला मोठा धर्मपुढारी कॅल्व्हिन, त्याने निदान आगीऐवजी तलवारीने मारा असं सुचवलं होतं, तेवढीच त्याची दया. दोन्हीकडची माणसं खरी होती, दोघांनाही आतून सारखंच वाटत होतं. मग नुसत्या खात्रीवरून कसं ओळखायचं, कोण बरोबर ते? खात्री आतून जशी बरोबर असताना लागते, तशीच चूक असतानाही लागते. मला एवढंच म्हणायचं होतं.

१९०३ साली कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी जिनिव्हात एक शिळा उभारली आणि ती चूक होती असं तिच्यावर कोरलं. साडेतीनशे वर्षं लागली परत यायला. वर्गात हे सांगताना मला दर वर्षी बरं वाटायचं, की शेवटी का होईना, म्हणाले. आता वाटतं, कुणाला म्हणाले?

आपल्याकडे तेवढा वेळ नाही रे.

झालं, लागले शिकवायला. तुला हे आवडत नाही, माहीत आहे. इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने १६५० च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या धर्मपुढाऱ्यांना कळकळीने लिहिलं होतं, की आपलं चुकत असेल हेही शक्य आहे, एवढं तरी मनात आणा. आणि महिन्याभरात डनबारच्या लढाईत त्यांचं सैन्य कापून काढलं, वर तो विजय देवाचीच कृपा मानली. शंका घे असं दुसऱ्याला सांगणाऱ्याची स्वतःबद्दल किती खात्री असते! माझंही तेच होत असेल तर माफ कर.

नानाकाकांचं मी लिहिणार नव्हते. पण तू तेव्हा लहान होतास, तुला अर्धंच ठाऊक आहे. त्यांनी देव सोडला तेव्हा "यांचं तोंड पाहणार नाही" हे सगळ्यांसमोर बाबा बोलले नव्हते. मी बोलले होते. तुझ्याइतकीच शांतपणे. पुढे माझा राग कधीच गेला, पण शब्द चारचौघांत गेलेला होता. ते शेवटचे आजारी होते तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले. कठड्याला हात लावून उभी राहिले आणि परत आले. वर जाऊन म्हणायचं काय, हे मला येत नव्हतं. म्हणून मी तुझ्या मागे लागले आहे. तुझं बरोबर की चूक हे देव बघेल. पण आज जे ठामपणे बोलतोस, त्यावरून उद्या परत यायचं झालं तर वाट राहील ना तुला?

तुला ती कंपासपेटी आठवते? तिसरीत होतास. तुझ्या बाकावरच्या मित्राने ती चोरली, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" असं तू बाईंना सांगितलंस, मला सांगितलंस, त्याच्या आईलाही सांगितलंस. आठ दिवसांनी तुझं दप्तर धुवायला काढलं, तर अस्तर फाटून पेटी आत सरकलेली. तू तासभर कोपऱ्यात बसलास. मी म्हटलं, राहू दे, उद्या बघू. तर तू चपला घातल्यास. मी तुझ्यामागून गेले. त्यांच्या दाराची कडी तुझ्या हाताला पुरत नव्हती, म्हणून तू तळहाताने दार वाजवलंस. दार उघडल्यावर पेटी पुढे केलीस आणि म्हणालास, "ही माझ्याकडेच होती." तेवढंच. तुझ्या बक्षिसांच्या, नोकरीच्या कुठल्याच दिवशी मला इतका अभिमान वाटला नाही.

खात्री ढळली की श्रद्धा गेली, असं तू म्हणतोस. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये बाहेर आली. देव जाणवत नाही, आत अंधार आहे, असं त्या वर्षानुवर्षं आपल्या धर्मगुरूंना कळवत होत्या, आणि आजाऱ्यांची सेवा चालू होती. मी काही तेवढी मोठी नाही. पण तुझ्या त्या दोन वर्षांत मी रोज प्रार्थना केली आणि कुणी ऐकतंय का हे मला एकदाही कळलं नाही. तरी केली.

ताई काही बोलत नाही. परवा तिने बाबांना विचारलं, "खरंच माझ्यामुळे झालं का हो?" बाबा उठून बाहेर गेले. त्यांना रडताना मी दुसऱ्यांदा पाहिलं.

तुझा मार्ग सोड असं मी म्हणणार नाही. पण ते वाक्य तिच्याकडून परत घे. ती दुपारी एकटी असते. काही सुचलं नाही तर नुसता फोन लाव, ती उचलेल.

तुझी,
आई

ता. क. तुमच्या मंडळींचं पुस्तक उशाशी राहिलं होतं, ते मी वाचायला घेतलं आहे. एकतिसाव्या पानावर आले. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. ते तुझंच ना?