पात धर, धुऱ्याकडे पाहू नको

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
वेचणीचे दिवस

प्रिय गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कापसाचं गाठोडं काट्यावर लावत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. "मुंबई मॅरेथॉनसाठी पाय तयार होतील रे, पण डोकं कसं तयार करायचं?" असं तू विचारलंस. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. आता जेवणं झाली आहेत, माय झोपली आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधी एक कबुली देतो. माझी पहिली मुंबई मॅरेथॉन अर्धवट राहिली तेव्हा पायात गोळे आले असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. पाय दुखत होते, पण चालत होते. ३३ व्या किलोमीटरला डोक्यात एकच हिशेब सुरू झाला: अजून नऊ बाकी. पाऊल टाकावं तसे ते नऊ वाढतच चालल्यासारखे वाटायला लागले. दोन मिनिटं म्हणून फूटपाथवर टेकलो आणि उठलोच नाही. घरी आल्यावर कुणी मेडल दाखव म्हटलं की घशात आवंढा यायचा.

परत आलो तेव्हा कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. मायसोबत वावरात गेलो. किती राहिलं ते पाहायला मी घडीघडी कंबर सरळ करून पार धुऱ्याकडे, वावराच्या बांधाकडे पाहत होतो. माय तिच्या पातीतून मान वर न करता म्हणाली, "धुऱ्याकडं काऊन पाह्यतं रे? पात धर. पुढचं झाड पाह्य." वयाच्या साठीतही ती दिवसभर वेचते आणि तिचं गाठोडं माझ्यापेक्षा मोठं असतं. मॅरेथॉनबद्दल मला जे कळलं ते तिथं, त्या पातीत कळलं.

म्हणून ४२.१९५ किलोमीटर हा पूर्ण मॅरेथॉनचा आकडा शर्यतीच्या दिवशी डोक्यात येऊच द्यायचा नाही. पुढचा पाण्याचा टेबल, पुढचा खांब, एवढंच. फारच जड झालं की मी डावा पाय टेकला की एक असं शंभरपर्यंत मोजतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफही अशीच शंभरपर्यंत मोजायची. तीनदा शंभर मोजले की तिचा एक मैल व्हायचा. २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावलेल्या बाईलाही मोजत मोजत जावं लागत होतं, हे वाचून मला फार धीर आला होता.

आता ३० किलोमीटरनंतर काय होतं ते नीट समजून घे, कारण माहीत असलं की भीती निम्मी होते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिथं संपत येते. पण मेंदू ती पूर्ण संपायची वाट पाहत नाही. आषाढात जवारीची कणगी तळाला जायच्या आधीच माय भाकरी मोजून टाकायची, आठवतं? तसाच मेंदूही आधीपासून हात आखडतो. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैज्ञानिक टिम नोक्स असंच काहीसं मांडतात. सगळ्यांना ते पटत नाही, पण एक प्रयोग मला विसरता येत नाही. सायकलपटूंना साखरेचं पाणी फक्त तोंडात खुळखुळवून थुंकायला लावलं, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांचा वेग वाढला. पोटात काहीच गेलं नव्हतं, नुसत्या खबरीनं मेंदूची मूठ सैल झाली! तेव्हा 'आता संपलो' असा आवाज आतून आला की समज, कणगीत अजून दाणे आहेत. पण म्हणून खाणं टाळू नकोस. सुरुवातीपासून थोडंथोडं पोटात जाऊ दे. रिकाम्या कणगीला कोणताच निर्धार पुरत नाही.

त्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते मात्र घरूनच ठरवून ने. तिथं सुचत नाही. मी दुसऱ्या वर्षी ठरवलं होतं: बसावंसं वाटलं तर बसायचं नाही, पुढच्या खांबापर्यंत चालायचं, मग पुन्हा धावायचं. आणि स्वतःला 'तू' म्हणायचं. "तू पात धरली आहेस, सोडू नको." मी हेच बोलत होतो, अगदी मोठ्यानं. ३४ ला वाईट वाटलं, ३६ ला बरं वाटलं, ३८ ला पुन्हा वाईट. वाईट वेळ निघून जाते, हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे धावताना हसतो, तसं हसूनही पाहिलं. चेहरा सैल सोडला की खांदेही सुटतात.

पेडर रोडचा चढ अगदी पाय मेल्यावर येतो. त्याची तालीम इथंच करून जा. सुटीत आलास की २८ किलोमीटर आपल्या पांदणीनं धाव, एकटा, कानात गाणी न घालता. कंटाळा येऊ दे, उन्ह लागू दे. शेवटचे दहा किलोमीटर म्हणजे गाव ते बाजार. पाचवीपासून आपण तो रस्ता दप्तर घेऊन पायी तुडवला आहे. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता त्या दिवशी तू काय केलंस? चप्पल हातात घेतलीस आणि माझ्याही पुढं चालत राहिलास. ३२ च्या पाटीजवळ मला तोच पोरगा हवा आहे.

फक्त एक ऐक. छातीत दुखलं, चक्कर आली, काही भलतंच वाटायला लागलं, तर तिथंच थांब आणि वैद्यकीय मदत माग. त्या वेळी मनाचं काही ऐकायचं नाही. काकूंना मी शब्द दिला आहे.

जानेवारीत मी येतो आहे. वेचणीला दोन दिवस माणूस लावतो. पेडर रोड उतरून आलास की डाव्या हाताला पाहा, खांद्यावर निळा दुपट्टा असेल, हातात मीठ लावलेली संत्र्याची फोड. तू कोणतं वाक्य ठरवलंस ते तेवढं आधी कळव, म्हणजे मी तेच ओरडेन.

तुझाच,
शेजारच्या बाकावरचा