भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना, अण्णांच्या खुब्याबद्दल

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या सरांना आम्ही पेढे दिले, वॉर्डातल्या मावशींना साडी दिली. तुम्ही तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होतात. खरं सांगायचं तर भूल देणाऱ्या डॉक्टरलाही पेढे द्यावेत, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून आठ महिन्यांनी हे पत्र.

अण्णा दाखल झाले होते न्यूमोनियासाठी. छाती सुधारत होती, शनिवारी घरी सोडणार होते. गुरुवारी पहाटे तीनच्या सुमारास ते लघवीला उठले. लघवीची गोळी त्या दिवशी उशिरा, रात्री दिली गेली होती. कॉटचा कठडा वर केलेला होता आणि ७९ वर्षांचे अण्णा तो ओलांडून उतरायला गेले. मी हातभर अंतरावर बाकड्यावर झोपलेलो. सलाईनचा स्टँड फरशीवर आदळला तेव्हा जागा झालो. डावा पाय आखूड दिसत होता, पाऊल पार बाहेर वळलेलं. नाइट सिस्टर वॉर्डबॉयवर ओरडल्या, "तसं उचलू नका, खुबा गेलाय."

सकाळी नातेवाइकांची सभा भरली. मामांचं म्हणणं, या वयात ऑपरेशन नको, पायाला वजन लावून ठेवा, हाड आपोआप जुळतं. त्यात अण्णांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट घातलेला, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. एक डॉक्टर म्हणाले, गोळी बंद करू आणि पाच दिवस थांबू. मला तेच बरं वाटलं. जबाबदारी पाच दिवस पुढे गेली ना!

तुम्ही अकराला आलात. आमच्याशी बोलण्याआधी छोटं सोनोग्राफीचं मशीन जांघेवर धरून एक इंजेक्शन दिलंत. पहाटेपासून बेडपॅन सरकवला तरी किंचाळणाऱ्या अण्णांनी अर्ध्या तासात चहा मागितला. मग बाहेर येऊन मामांना म्हणालात, "हाड जुळेलही काका. पण तोवर माणूस उताणा पडून राहणार. छाती आधीच भरलेली आहे, त्यात कफ साचेल. पाठीला जखमा होतील, पायात रक्ताची गुठळी होईल." गोळीमुळे कमरेत सुई टोचून भूल देता येणार नाही, पूर्ण भूल देईन, रक्त जरा जास्त जाईल, एक पिशवी तयार ठेवा. एवढं सगळं दोन मिनिटांत.

मी गॅरंटी विचारली. (आम्ही मिक्सर घेतानाही विचारतो.) तुम्ही म्हणालात, अशा फ्रॅक्चरनंतर साधारण चारांतला एक जण वर्षभरात जातो, आणि हॉस्पिटलातच पडलेल्यांचं गणित त्याहून वाईट, कारण ते आधीच आजारी असतात. "गॅरंटी नाही. उद्या सकाळी पहिली केस घेऊ?"

इतकं कडू कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळेच मी सही केली.

पुढे मी बरंच वाचलं. २०२० साली १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन आणि एक दिवसाने ऑपरेशन, अशी तुलना. घाई केल्याने मृत्यू कमी झाले असं काही ठरलं नाही. पण घाई केलेल्यांमध्ये ऑपरेशननंतरचा भ्रम कमी होता आणि ती माणसं लवकर उभी राहिली. म्हणजे तास मोजून धावाधाव नको, पण पाच दिवस हा हिशेबच वेगळा. मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी कुठं नको म्हणालो होतो?"

शुक्रवारी सकाळी मांडीच्या हाडात दांडा आणि स्क्रू बसले. भ्रमाने मात्र अण्णांना गाठलंच. अण्णा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. शुक्रवारची अख्खी रात्र त्यांनी वॉर्डची गाडी भरली. "पुढं सरका, आत जागा आहे." बाजूच्या पेशंटला उतरायला लावत होते. मला लाज वाटत होती, रडूही येत होतं. रात्री दहाला तुम्ही राउंडला आलात तर तुम्हालाच अडवलं, "कुठं जायचं?" तुम्ही स्टेथोस्कोप काढत म्हणालात, "तासगाव. एक फुल." अण्णांनी हवेत तिकीट फाडलं आणि तुमच्या हातावर ठेवलं. तुम्ही ते एप्रनच्या खिशात टाकलंत. मग मला समजावलंत की चष्मा लावा, कानातलं यंत्र घाला, खिडकीचा पडदा उघडा ठेवा, दोन-तीन दिवसांत उतरेल. सोमवारी उतरलं.

शनिवारी फिजिओंनी त्यांना उभं केलं तेव्हा मी भांडलो, काल ऑपरेशन झालेल्या माणसाला कसं उभं करता म्हणून. तेही त्यांनी तुमच्याच सांगण्यावरून केलं, हे मागाहून कळलं. त्यांचीही माफी मागायची आहे.

आणखी एक. दांडा घातल्याने हाड मजबूत होत नाही, हाडांच्या औषधाचं विचारा, असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात. डिस्चार्ज कार्डावर त्याचा शब्द नव्हता. मी विचारलं, म्हणून किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून सहाव्या आठवड्यात वर्षातून एकदाचं ते सलाईनमधलं इंजेक्शन मिळालं. दुसरा खुबा अजून शाबूत आहे.

अण्णा पूर्वीसारखे झालेले नाहीत. शेताकडे जाणं सुटलं, वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातात. रात्री लघवीला एकटं उठायचं नाही या नियमावरून रोज वाद होतो. मी त्यांच्या खोलीतच झोपतो, पण बाकड्यावरची ती झोप काही विसरत नाही.

तासगावच्या तिकिटाची गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा आधी त्यांचा विश्वासच बसेना. मग विचारात पडले. म्हणाले, "सुट्टे दिले होते का त्यांनी?" नव्हते दिले म्हटल्यावर म्हणाले, "मग बाकी तिकिटामागं लिहून द्यायला पाहिजे होती. मॅडमना विचार, नोट कितीची होती."

तर विचारतोय.

आपला,
अण्णांचा धाकटा