घरी पाहणीला आलेल्या ताईंना

ताई,

कागदावरची तुमची सही मला लागत नाही आणि नाव विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं. तुम्ही आमच्याकडे जेमतेम दीड तास होतात. रोज अशी किती घरं पाहता कोण जाणे, तेव्हा आम्ही तुमच्या लक्षात असू असं वाटत नाही. हे पत्र उघडं लिहितोय ते एवढ्यासाठी, की असाच दीड तास पुढ्यात असलेलं कुणीतरी ते वाचेल.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, त्यानंतर आई घरी येऊन तीन महिने झाले होते. घरी मदतनीस मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला होता. त्याच्या पाहणीला तुम्ही येणार म्हणून तिनं सकाळपासून केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून खुर्ची धरली होती. तुम्ही विचारलंत, कपडे घालायला जमतं का? जमतं. अंघोळ? जमते. उठबस? सगळं जमतं हो मला. आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो. आईच्या तोंडावर ‘नाही, तिला जमत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आम्ही दोघं मिळून मदत नाकारत होतो, त्याच मदतीसाठी अर्ज करून!

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, “आजी, मला तुमचं बाथरूम दाखवता का?”

तिसऱ्या प्रयत्नात आई खुर्चीतून उठली. वॉकर असूनही वाटेत तिनं दाराची चौकट धरली. आत गेल्यावर टॉवेलच्या दांडीवर भार टाकला. ती दांडी भिंतीत हलत होती. मी ती रोज पाहत होतो आणि कधी पाहिली नव्हती. आईच्या अंगाखाली ती किती दिवस टिकली असती, याचा विचार अजूनही रात्री येतो.

मग मला बाजूला घेऊन तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. शेवटची अंघोळ कधी झाली? नऊ दिवसांपूर्वी. आईला मुलाच्या हातून अंघोळ नको होती आणि खरं सांगायचं तर मलाही ते जड जात होतं, म्हणून ओल्या फडक्यावर भागत होतं. दुसरा प्रश्न, रात्री तुम्ही किती वेळा उठता? तीनदा, कधी चारदा. “मग हे अर्जात कुठंय?” तुम्ही अर्ज माझ्याकडे सरकवलात. “चांगल्या दिवसाचं लिहू नका. वाईट दिवसाचं लिहा.”

त्या वेळी आमच्या कपाटात दुसराही एक अर्ज भरून तयार होता, नर्सिंग होमचा. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लहान दवाखाना डोळ्यांपुढे येतो. मी म्हणतोय ते म्हाताऱ्या माणसांच्या कायमच्या मुक्कामाचं.) एका कचेरीत मला सांगितलं होतं, तिथे जागा लगेच मिळेल, घरच्या मदतीचं मात्र बघावं लागेल. आईनं हूं की चूं केलं नाही. फक्त विचारलं, तिथे खिडकी असेल ना?

नंतर मी वाचत बसलो. तुम्ही विचारत होतात त्या प्रश्नांचं मूळ सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांच्या १९६३ सालच्या यादीशी जातं. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, शी-शूवरचा ताबा आणि जेवण, ही सहा कामं. त्यांनी क्लीव्हलंडमध्ये ज्या म्हाताऱ्या रुग्णांकडे पाहून ती बांधली, त्यांत खुब्याचं हाड मोडलेलेच पुष्कळ होते. त्यांना दिसलं की ही कामं साधारण एका क्रमानं सुटतात. अंघोळ सगळ्यात आधी, हातानं जेवणं सगळ्यात शेवटी. आमची आई त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर अडकली होती, आणि आम्ही तिचं घर सोडवायला निघालो होतो.

अर्थात यात एकट्या आमचा दोष नव्हता. पैसा जिकडे वाहतो तिकडे माणूस ढकलला जातो. अमेरिकेतल्या मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत, नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक आहे, पण अंघोळ-कपड्यांसारखी रोजची मदत घरी देणं ऐच्छिक. १९८१ मध्ये तिथे हा पैसा घरच्या सेवेवरही खर्चायची खास सवलत राज्यांना मिळाली, तरी तिच्यातल्या जागा मोजक्या, म्हणून अनेक राज्यांत रांगा. डेन्मार्कनं १९८७ च्या कायद्यानं जुन्या पद्धतीची नर्सिंग होम नव्यानं बांधणंच थांबवलं. जपाननं २००० मध्ये देखभालीचा विमा आणला. तिथेही तुमच्यासारखं कुणीतरी घरी येऊन ७४ मुद्दे तपासतं आणि त्यावरून मदतीची पातळी ठरायला सुरुवात होते. म्हणजे एवढी मोठी व्यवस्था, पण शेवटी ती कुणाच्या तरी नजरेवर उभी. ते माणूस ‘जमतं’वर टिक करून निघून गेलं, तर कायदा कितीही चांगला असो, आईच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आता आठवड्याचे पाच दिवस सकाळी एक तास मावशी येतात. अंघोळ घालतात, पाठीची आणि टाचांची कातडी लाल झालीय का ते बघतात. बाथरूममध्ये भिंतीत पक्क्या ठोकलेल्या दांड्या आहेत, बसून अंघोळीला स्टूल आहे, पाय अडकणारी सतरंजी गेली. गुरुवारी दुपारी तीन तास कुणीतरी थांबतं, ते माझ्यासाठी. पहिल्या गुरुवारी मी बाहेर पडलो आणि कुठं जायचं ते सुचेना, तेव्हा बागेतल्या बाकावर झोपलो.

सगळं छान चाललंय असं नाही. रात्री माझ्याच आहेत. मदतनीस बदलतात आणि प्रत्येक नव्या बाईपुढे आई पुन्हा लाजते. एखाद्या सकाळी कुणीच येत नाही. चोवीस तास माणूस लागायला लागलं तर हे तास पुरणार नाहीत, तेही मला दिसतं. तेव्हा तो कपाटातला अर्ज मी फाडलेला नाही. तुम्हीच म्हणाला होतात, “घरीच ठेवा असं मी सांगत नाहीये. आजच्या गरजेवर आजचं ठरवा.” त्या वाक्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणी आहे. या वेळी मी वही ठेवलीय, वाईट दिवसांसकट. आईनं ठेवणीतले कपडे आतापासूनच काढून ठेवलेत. तुम्हीच आलात तर चहा ती स्वतः करणार म्हणते. मी शेगडीजवळ उभा असेन.

तुमचा,
त्या आजींचा मुलगा