घरांचे दर: जाहिरातीतले आणि दस्तातले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या मालमत्ताविषयक पुरवणीत पुण्यातील घरांचे दर उपनगरनिहाय दिले जातात. ते वाचून विकणारे आपल्या सदनिकेची किंमत ठरवतात आणि घेणारे कर्जाचा अंदाज बांधतात. मात्र हा दर कोणत्या क्षेत्रफळावरचा आहे आणि तो नुसता सांगितला गेलेला आहे की त्या दराने खरोखर सौदा झालेला आहे, याचा पुरवणीत कोठेही उल्लेख नसतो.

'रेरा' हा घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा राज्यात २०१७ मध्ये पूर्णपणे अमलात आला आणि कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतले प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, हेच विक्रीचे माप ठरले. पण दलालांच्या तोंडचा 'सेलेबल' (जिना, लॉबी अशा सामाईक जागांचा वाटा धरून फुगवलेले क्षेत्र) अजून गेलेला नाही. एक हजार चौरस फूट सेलेबल सदनिका नऊ हजार रुपये दराने नव्वद लाखांना सांगितली जाते. तिचे कार्पेट ७२० चौरस फूट भरले, तर खरा दर १२,५०० रुपये होतो. शेजारच्या इमारतीत अकरा हजारांचा दर कार्पेटवर सांगितला जात असेल, तर तेच घर प्रत्यक्षात स्वस्त असते, पण आपल्या तक्त्यात ते महाग दिसते.

त्यावर बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के जीएसटी लागतो. पुणे महापालिका हद्दीत सात टक्के मुद्रांक शुल्क (खरेदीदार केवळ महिला असल्यास एक टक्का कमी) आणि तीस हजार रुपये नोंदणी शुल्क वेगळे. नव्वद लाखांच्या घरावर हा बोजा अकरा लाखांच्या पुढे जातो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी नसल्याने त्यातले साडेचार लाख वाचतात. तरीही नवे आणि जुने घर एकाच दराच्या रकान्यात मांडले जाते.

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने हस्तांतरणाचे कागद माझ्याकडे येतात. सोबत जोडलेल्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, मोबदला (ठरलेली किंमत), बाजारभाव (सरकारी दराने येणारे मूल्य) आणि क्षेत्रफळ हे रकाने असतात. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागले की जो आकडा येतो, तो वर्तमानपत्रातील दराशी क्वचितच जुळतो. काही व्यवहारांत रोखीचा भाग दस्तात येत नाही, हे मीही जाणतो. पण गृहकर्जावर घर घेणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून तो वाव बराच कमी झाला आहे आणि दस्तातील आकडा जाहिरातीतील आकड्यापेक्षा निश्चितच अधिक विश्वासार्ह आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील 'ई-सर्च' सुविधेतून ही सूची कोणालाही पाहता येते, त्यामुळे आपल्या वार्ताहरांनाही ती दुर्मीळ नाही.

जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट किमतीत मिसळली जाते. 'पुनर्विकासाला जाणार आहे' या एका वाक्यावर विकणारे नव्या इमारतीचा दर मागतात. संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी संस्थेकडे येणे) झालेले नसते, विकसक ते करून देत नसल्यास सरकारी अधिकाऱ्यामार्फत मिळणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही केलेला नसतो, विकसकाशी करार तर दूरच. अशा वेळी मिळेल की नाही हे माहीत नसलेल्या वाढीव क्षेत्राचे पैसे घेणारा आज मोजतो, किंवा कोणीच न मोजल्याने घर वर्षभर पडून राहते. माझ्या मते सध्या पुनर्विक्रीचे व्यवहार रखडण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि त्यात विकणाऱ्याचेच अधिक नुकसान आहे.

दस्तांच्या संख्येवरून निघणाऱ्या मथळ्यांबाबतही सावधगिरी हवी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी, तर पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केले होते. दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येत असल्याने अनेकांनी डिसेंबरात शुल्क भरले आणि नोंदणी नंतर केली. म्हणजे नोंदणीचा महिना आणि सौद्याचा महिना एक असेलच असे नाही. एप्रिलपासून रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवते ते) दर वाढण्याची शक्यता असल्याने दर मार्चमध्ये दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी होते. तिला तेजी म्हणणे घाईचे ठरेल.

तेव्हा विनंती अशी की, दर महिन्याला दोन-तीन भाग निवडून तेथील नोंदलेल्या व्यवहारांचा कार्पेट क्षेत्रावरील दर छापावा. नवे घर आणि पुनर्विक्री यांचे रकाने वेगळे ठेवावेत आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहण्यास महापालिकेची परवानगी) व अभिहस्तांतरण आहे की नाही, हे शक्य तेथे नमूद करावे. सुरुवात कोथरूडपासून करायची झाल्यास सूची क्रमांक दोन कशी वाचावी, हे आपल्या वार्ताहरास समजावून सांगण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, कोथरूड, पुणे