केनिया-टांझानियाहून परतलेल्या सदस्यांसाठी सूचना

सदस्यहो, सिंहांचे फोटो झकास आलेत, पण हेही वाचा. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला नेरुळच्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये डॉक्टर भेटणार आहेत. सहलीला गेलेल्या सर्वांनी यावे.

तोवर:

• ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. ‘पावसाळी व्हायरल असेल’ म्हणत पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया बहुधा परतल्यावर महिन्याभरात डोके वर काढतो, कधी त्यानंतरही. उपचार लांबले तर तो जिवावर बेतू शकतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप टिकला, तर पुन्हा तपासणी करा. आफ्रिकेहून आलोय हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असे नाही.

• मलेरिया टाळण्यासाठीच्या गोळ्या अर्धवट सोडू नका. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते.

• व्हिक्टोरिया सरोवरात उतरलेल्यांनी (फोटोंवरून बरेच दिसतात!) शिस्टोसोमा या परजीवी कृमीची चाचणी करावी, लक्षणे नसली तरी. गोगलगायींतून पाण्यात आलेल्या याच्या अळ्या थेट त्वचेतून शिरतात. चाचणी लगेच नको, दोन-तीन महिन्यांनी.

रविवारी प्रवासाच्या तारखा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत आणा.