ज्येष्ठांच्या पानावर कीथ रिचर्ड्स का नको?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचं ज्येष्ठांचं पान मी रिटायर झाल्यापासून नेमाने वाचतो, आणि दर वेळी वाचून झालं की उगाच बीपी चेक करावंसं वाटतं. मृत्युपत्र कसं करावं, बाथरूममध्ये दांडा कुठे लावावा, मुलं परदेशी गेल्यावर मन कसं रमवावं... सगळं उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही, दांडा तर मी पण बसवून घेतलाय. पण म्हातारपणाची जरा चेष्टा केली तर काय बिघडतं?

माझा माणूस सांगतो. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या जुन्या रॉक बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, जन्म डिसेंबर १९४३, म्हणजे ऐंशी कधीच पार. तरुणपणी ड्रग्ज, दारू, अटक, सगळं करून बसलेला (समर्थन नाही करत, लगेच उलट पत्रं नकोत), हा आता जातोय असं लोक पन्नासेक वर्षं म्हणतायत आणि हा पठ्ठ्या स्टेजवर येऊन म्हणतो काय, तर इथे आलो, बरं वाटलं, खरं तर कुठेही असलो तरी बरंच वाटतं! २००६ मध्ये फिजीत झाडावरून पडला. वय ६२, आणि झाडावर! न्यूझीलंडला डोक्याचं ऑपरेशन झालं आणि दोन-अडीच महिन्यांत परत टूरवर.

त्याची बोटं बघा कधी, सांधे अगदी आल्याच्या गड्ड्यासारखे. संधिवात आहे पण दुखत नाही म्हणतो, आणि एखादी गोष्ट पूर्वीसारखी जमेना तर गिटारच दुसरी वाट दाखवते म्हणे. तसंही हा कित्येक वर्षं बरीच गाणी सहावी तार काढून पाच तारांवरच वाजवतोय, कमी सामानात भागवायची सवय आधीपासूनच. आमचं उलट, एक गुडघा कुरकुरला की सगळा संसार आवरता घेतो.

कहर म्हणजे २०२४ च्या त्यांच्या अमेरिका टूरला स्पॉन्सर कोण, तर एएआरपी, तिकडची पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना! म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने कोजागिरीला मसाला दुधाऐवजी रॉक शो ठेवल्यासारखं झालं, आणि त्यात पुढे नाचणाऱ्या त्यांच्या गायकाच्या, मिक जॅगरच्या हृदयाची झडप २०१९ लाच बदललेली.

२००३ च्या एप्रिलमध्ये हे लोक मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमला आले होते, मी हाफ डे टाकून गेलो होतो. मित्राला मीच म्हणालो, बघून घे रे, साठीला आलेत म्हातारे, पुढे काय हे वाजवत नाहीत. आता मी स्वतः ६७ चा आहे, चर्चगेटचा जिना चढताना दोनदा थांबतो, आणि त्यांनी २०२३ ला नवा अल्बम काढला.

तेव्हा एवढंच करा, एकदा त्या पानावर कीथचा फोटो छापा, सुरकुत्यांसकट, साफसूफ न करता. आणि जमलं तर त्या पानाचं अक्षर जरा मोठं करा, चष्म्याचा नंबर परत वाढलाय.

आपला,
एक नियमित वाचक, गिरगाव